स्टार्च नको, अंडंही नको: मग नाश्त्याला काय?

नाश्त्यातून स्टार्च वगळायचं ठरवलं की जो तो एकच सल्ला देतो: ऑम्लेट खा. आणि अंडं वगळायचं म्हटलं की दुकानातला प्रत्येक ‘एगलेस’ पदार्थ मैदा, कॉर्नफ्लॉवर किंवा कस्टर्ड पावडरच्या आधारावर उभा असतो. कस्टर्ड पावडर म्हणजे तरी काय, तर रंग आणि वास घातलेलं मक्याचं स्टार्च. एक पथ्य पाळताना दुसरं मोडतं ते यामुळेच. दोन्ही एकदम पाळायची असतील तर नुसत्या पदार्थांची यादी पुरत नाही. स्टार्च आणि अंडं हे दोघं स्वयंपाकात नेमकं काय काम करतात आणि ते काम दुसऱ्या कशाकडून करून घ्यायचं, एवढं एकदा समजलं की रोजचा प्रश्न सुटतो.

ही कामं मुख्यतः दोन. पहिलं म्हणजे बांधणं, म्हणजे पीठ मिळून येणं आणि तव्यावर न फुटता उलटणं. दुसरं पोट भरणं. ही दोन्ही कामं वेगवेगळ्या जिनसांना वाटून द्यावी लागतात. बहुतेकांचा बेत फसतो तो इथंच, कारण पोळीच्या जागी काकडी-टोमॅटो ठेवून भागवलं की साडेदहाला पोटात कावळे ओरडायला लागतात.

आधी औषधांचं बघा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्त्यातला स्टार्च एकदम बंद करू नका. औषधाचा डोस रोजच्या पोह्या-पोळ्यांच्या हिशेबाने ठरलेला असतो. पोहे गेले आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी तर अति कमी कर्बोदकांचा आहार स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नये. त्यात रक्तातली आम्लता वाढण्याचा धोका असतो आणि साखरेचा आकडा फार वाढलेला नसतानाही तसं होऊ शकतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचं प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीन आणि इसबगोल गोळीला लागून खाऊ नये, कारण दोन्हींमुळे गोळी नीट शोषली जात नाही. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

काय गेलं आणि काय उरलं

पोहे, रवा, तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ओट्स, शेवया हे गेलं, याबद्दल दुमत नाही. गोंधळ होतो तो पुढच्या चार गटांत.

पहिला गट उपवासाचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, टॅपिओकाच्या कंदातून काढलेला. वरई, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, मखाणे, रताळं, सुरण आणि बटाटा उपवासाला धान्यात धरत नसतील, पण त्यांत स्टार्च भरपूर. ‘धान्य नाही’ आणि ‘स्टार्च नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपवासाच्या ताटातून तुमच्या कामाचं म्हणाल तर शेंगदाणे, खोबरं, काकडी, दही आणि ताक.

दुसरा गट डाळी-कडधान्यांचा. बेसनाचं धिरडं, मुगाचं डोसं, मोड आलेली मटकी हे सगळं ‘प्रोटीन’ म्हणून खाल्लं जातं. प्रथिनं त्यात आहेतच, पण हरभरा, मूग, मटकी यांच्या कोरड्या वजनाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग स्टार्चच असतो. मोड आणले की तो थोडा कमी होतो, संपत नाही. नुसती साखर आटोक्यात ठेवायची असेल तर वाटीभर मटकी पोह्यांपेक्षा केव्हाही बरी. कडक पथ्य असेल तर तीही नाही. अपवाद सोयाबीनचा. पिकलेल्या सोयाबीनमध्ये स्टार्च नगण्य असतं आणि प्रथिनं १०० ग्रॅममागे ३६ ग्रॅमच्या आसपास. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचं इतकं पीक निघतं आणि ते बहुतेक सगळं तेलाच्या गिरणीत जातं, नाश्त्याच्या ताटात येतच नाही, याची खंत वाटते.

तिसरा गट सुक्या मेव्याचा. बदाम, अक्रोड, तीळ, जवस, कारळे, सुकं खोबरं हे निर्धास्त घ्या. शेंगदाण्यात थोडं स्टार्च असतं, पण कडधान्यांच्या मानाने फारच कमी. काजूने मात्र फसू नका, त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. मूठभर काजू खाऊन ‘काहीच खाल्लं नाही’ असं होत नाही.

चौथा गट फळभाज्यांचा. फ्लॉवर, कोबी, दुधी, पडवळ, वांगं, सिमला मिरची, भेंडी, पालेभाज्या आणि मुळा चालतात. मटार, मक्याची कणसं आणि कच्चं केळं नाही. केळं पिकलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणजे मधुमेहींना त्याचा काही उपयोग नाही.

लपलेलं स्टार्च

पाकिटावर मॉडिफाइड स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्नफ्लॉवर हे शब्द शोधा. घट्टपणासाठी घातलेल्या पदार्थाचा नुसता आयएनएस (INS, म्हणजे खाद्यपदार्थात मिसळलेल्या घटकाचा आंतरराष्ट्रीय) क्रमांक दिला असेल आणि तो १४ ने सुरू होणारा चार आकडी असेल, जसं १४२२ किंवा १४४२, तर ते स्टार्चच. फळांच्या चवीचं दही, किसून विकलेलं चीज, तयार सूप आणि सॉस यांत ते हमखास सापडतं. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेल्या पाकिटात गव्हाऐवजी तांदूळ, मका किंवा टॅपिओका असतो. बेकिंग पावडरमध्येही कॉर्नफ्लॉवर असतं, तिथं खायचा सोडा वापरा. बाजारी बांधणीच्या हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं. चिमूटभर हिंगाने वजन-साखरेच्या पथ्याला काही होत नाही, मात्र कणभरही चालत नसेल तर तो सोडावा लागेल. आणि फोडणीतली उडदाची डाळ. सवयीने हात तिकडे जातो, तेवढा आवरा.

सुट्या पनीरमध्ये स्टार्चची भेसळ होते, म्हणून ते घरी तपासून घ्या. पनीरचा बोराएवढा तुकडा दोन चमचे पाण्यात कुस्करा, मिनिटभर उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका. रंग निळा-काळा झाला तर त्यात स्टार्च आहे, पिवळट-तपकिरी राहिला तर नाही. गरम पाण्यात हा निळा रंग उमटत नाही किंवा उडून जातो, म्हणून गार करणं महत्त्वाचं. तपासणी कच्च्या, मसाला न लावलेल्या पनीरचीच करा. हळद हा कंद आहे, तिच्यात मूळचंच स्टार्च असतं, त्यामुळे हळद लागलेला कुठलाही पदार्थ निळा होऊ शकतो. तपासलेला तुकडा फेकून द्या.

बांधणारे तीन

इसबगोल, जवस आणि दुधातलं प्रथिन, या तिघांच्या जोरावर पुढचं सगळं चालतं.

इसबगोलाचा भुसा पाण्यात फुगून चिकट जेल धरतो. पाव लिटर घट्ट वाटणाला सपाट १ मोठा चमचा म्हणजे ४ ते ५ ग्रॅम पुरतो. तो नेहमी कोरड्या जिनसांत आधी कालवा आणि पाणी त्यानंतर घाला. पातळ वाटणात एकदम ओतला तर गुठळ्या होतात आणि त्या मग फुटता फुटत नाहीत. कालवल्यावर १० ते १५ मिनिटं झाकून ठेवणं सोडू नका. पहिल्या मिनिटात पीठ सैल दिसतं म्हणून माणूस आणखी चमचाभर घालतो आणि धिरडं रबरासारखं होतं.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, काळपट होऊ देऊ नका. गार झाल्यावर दळा, गरम दळलं तर तेल सुटून गोळा होतो. गरम पाणी लागलं की जवसाचा बुळबुळीतपणा बाहेर येतो, तोच बांधतो. दळलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच दळून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. कच्चं जवस मोठ्या प्रमाणात खाऊ नये. भाजलेलंही माणशी ३० ग्रॅमवर रोज नको.

चीज तव्यावर तापलं की मऊ होऊन कडा धरतं. अंड्याच्या सगळ्यात जवळ जाणारी पकड हीच.

पोट भरण्याचा हिशेब प्रथिनांवर ठेवा. प्रौढ माणसाला नाश्त्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली तर दुपारपर्यंत निभतं. १०० ग्रॅम पनीरमधून १८ ते २०, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीनमधून १८, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ते ८, ३० ग्रॅम बदामांतून ६, १०० ग्रॅम चिकन खिम्यातून २० ग्रॅमच्या आसपास. यांची जोडी लावत जा.

सोयाबीनचं धिरडं

दोघांसाठी १०० ग्रॅम सोयाबीन रात्री भरपूर पाण्यात भिजवा. ८ ते १० तासांत ते दुपटीहून जास्त वजनाचं होतं. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नागपूर-अकोल्याच्या उकाड्यात सकाळपर्यंत पाण्याला फेस येऊन आंबूस वास लागतो. सकाळी दाणे पाण्यातच दोन्ही हातांनी चोळा, सालं वर तरंगतील, ती पाण्याबरोबर ओतून टाका. सगळी सालं निघालीच पाहिजेत असं नाही, पण निघतील तेवढं धिरडं मऊ होतं.

पुढची पायरी कुणीही गाळू नये. एक लिटर पाण्याला आधण आणा, पाव चमचा खायचा सोडा घाला आणि भिजलेले दाणे त्यात १० मिनिटं उकळा. याची कारणं दोन. सोयाबीनचा जो कच्चट, हिरवट वास अनेकांना नकोसा होतो तो गार पाण्यात दळताना एका एन्झाइममुळे तयार होतो, उकळीने ते एन्झाइम निकामी होतं. दुसरं असं की कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, नुसत्या तव्यावरच्या पातळ भाजण्यावर त्यांचा भरवसा धरू नये. उकळी येताना फेस वर चढतो, म्हणून पातेलं मोठं घ्या.

दाणे निथळून गार पाण्याने धुवा. २ हिरव्या मिरच्या, १ चमचा जिरं, ४-५ लसूण पाकळ्या आणि १२० ते १५० मिलिलिटर पाणी घालून बारीक वाटा. बोटांत घेतल्यावर रवाळपणा थोडा जाणवला तर हरकत नाही, दाण्याचे तुकडे मात्र नकोत. कोथिंबीर, पाऊण चमचा मीठ आणि १ मोठा चमचा इसबगोल एकत्र करून वाटणावर भुरभुरा आणि लगेच भराभर ढवळा. १५ मिनिटांनी पीठ भज्यांच्या पिठाइतकं दाट दिसेल.

तांदळाच्या घावनासारखं हे पीठ ओतून पसरत नाही, तशी अपेक्षाच ठेवू नका. तवा मध्यम तापवून तेल लावा, दोन मोठे चमचे पीठ मधोमध ठेवा आणि ओल्या बोटांनी किंवा चमच्याच्या पाठीने १२-१३ सेंटिमीटरचं, ३-४ मिलिमीटर जाडीचं पसरवा. कडेने तेल सोडा, झाकण ठेवा, आच मंद करा. साधारण ४ मिनिटांनी वरचा ओला चकाकीपणा गेलेला असतो आणि कड आपण होऊन सुटायला लागते. तेव्हाच उलटा. दुसरी बाजू झाकणाशिवाय ३ मिनिटं. एवढ्यात ६-७ धिरडी होतात. प्रथिनं मिळून ३६ ग्रॅमच्या घरात, म्हणजे माणशी १८.

उलटताना मोडलं तर घाई झाली असं समजा, पुढचं मिनिटभर जास्त ठेवा आणि आकार लहान करा. आतून चिकट लागलं तर इसबगोल जास्त पडला किंवा जाडी वाढली. गार झाल्यावर कोरडं वाटतं, त्यावर तूप किंवा दही हाच उपाय. इडलीसारखं हे पीठ आंबवायला ठेवू नका, नुसत्या सोयाबीनच्या वाटणाला आंबल्यावर उग्र वास येतो. फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं, आणि इसबगोल घालायचा तो करायच्या वेळीच.

भाजणीशिवायचं थालीपीठ

दोघांसाठी चार लहान थालीपिठांचं प्रमाण: भाजून दळलेलं जवस ६० ग्रॅम, दाण्याचं कूट ५० ग्रॅम, तीळ २० ग्रॅम, इसबगोल १ मोठा चमचा, किसलेला दुधी १५० ग्रॅम, तिखट, अर्धा चमचा ओवा, कोथिंबीर, पाऊण चमचा मीठ. आधी दुधीला मीठ लावून १० मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. पिळलेलं पाणी टाकू नका, पीठ भिजवायला तेच कोमट करून वापरा. कोरड्या जिनसा एकत्र करून त्यात दुधी कालवा आणि हे पाणी चमच्या-चमच्याने घाला. साधारण ६० ते ८० मिलिलिटर लागतं, पण दुधी किती पिळला गेलाय त्यावर ते ठरतं. गोळा होण्यापुरतंच मळा. जास्त मळलं तर कुटाला तेल सुटतं आणि गोळा फुटायला लागतो. १० मिनिटं झाकून ठेवा.

ओल्या फडक्यावर किंवा बटर पेपरवर ओल्या हाताने थापा आणि मध्ये भोक पाडा. तवा नेहमीच्या थालीपिठाला तापवता त्याहून कमी तापलेला हवा, कारण जवस आणि तीळ धान्याच्या पिठाआधी करपतात आणि करपलं की कडू होतात. झाकून मंद आचेवर ५ मिनिटं, उलटून ३ मिनिटं. भोकात तेल सोडायला विसरू नका, मधला भाग त्यानेच शिजतो. कडा चिरल्या तर पाणी कमी पडलं. हाताला फारच चिकटलं तर मुरायला वेळ दिला नाही. आच बरोबर असूनही कडू लागलं तर जवस जुनं आहे, दळण्यापूर्वी चार दाणे चावून पाहायला हवे होते.

यात माणशी १३-१४ ग्रॅम प्रथिनं होतात, म्हणून सोबत वाटीभर घट्ट दही किंवा लोणी घालून पनीरचे दोन तुकडे घ्या. या थालीपिठात तंतू खूप असतात. त्यासोबत आणि नंतर मिळून दोन पेले पाणी किंवा ताक गेलंच पाहिजे, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी अडतं.

फ्लॉवरचं उपीट

फ्लॉवर-राइस म्हणून हा पदार्थ बराच मिरवतो. घरी तो फसतो तो पाण्यामुळे. ५०० ग्रॅमचा गड्डा घेतला तर देठं काढून साधारण ३०० ग्रॅम तुरे हाती येतात. अळ्यांसाठी मिठाच्या कोमट पाण्यात ५ मिनिटं बुडवले असतील तर नंतर पंचावर पसरून पूर्ण कोरडे करा. किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा. मिक्सर लावलाच तर दोन-तीन झटके, त्यापुढे गेलात तर लगदा.

रुंद कढईत २ मोठे चमचे तेल तापवून ४० ग्रॅम शेंगदाणे तळून बाजूला काढा. त्याच तेलात मोहरी, जिरं, कढीलिंब, मिरची आणि अर्धा कांदा परता. आता आच मोठी करा, फ्लॉवरचा कीस घाला आणि ४-५ मिनिटं सतत परता. झाकण नाही. झाकलं की वाफेचं पाणी आतच पडतं, कीस शिजून गिचका होतो आणि कोबी-फ्लॉवरचा तो उग्र गंधकी वास घरभर सुटतो. मीठ अगदी शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. गॅस बंद करून लिंबू, ३ चमचे ओलं खोबरं, शेंगदाणे आणि १०० ग्रॅम कुस्करलेलं पनीर मिसळा. पनीर नसेल तर ही फक्त भाजी आहे, नाश्ता नाही. एवढ्यात दोघांचं भागतं.

पनीर बुर्जी, आणि पावाचं काय

एक लिटर म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाचं १८० ते २०० ग्रॅम पनीर पडतं. गायीच्या दुधाचं त्याहून कमी. दूध उकळल्यावर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, मग दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. निवळी हिरवट आणि स्वच्छ झाली की थांबा, जास्त रस पडला तर पनीर कडक आणि आंबट होतं. बुर्जीसाठी ते दाबून वडी करायची गरज नाही, फडक्यात टांगून अर्धा तास निथळलं की झालं.

कांदा, सिमला मिरची, मग टोमॅटो. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटून कडेला तेल दिसेपर्यंत पनीर घालू नका, आणि घातल्यावर दोन मिनिटांत उतरवा. जास्त वेळ तापलं की पनीर आवळतं, पाणी सोडतं आणि दाताखाली करकरतं. विकतचं पनीर घट्ट असेल तर आधी १० मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा. बाहेर काही ठिकाणी बुर्जी मिळून यावी म्हणून तिला बेसन लावतात, तेव्हा विचारून खा. टोफूची बुर्जीही याच पद्धतीने होते, फक्त टोफू फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवून १५ मिनिटं पाणी काढा आणि पनीरच्या उलट, भरपूर वेळ परता. त्याला खमंगपणा उशिरा येतो.

पावाऐवजी कोबीचं सबंध पान घ्या. गड्ड्याचा देठ कोरून तो उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवला तर बाहेरची पानं न फाटता सुटतात. जाड शीर सुरीने सपाट करा, बुर्जी भरून गुंडाळा, तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून घ्या. डब्यातही चांगलं राहतं.

चूल न पेटवता

अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात ४ ते ६ तास टांगलं की २०० ते २५० ग्रॅम चक्का मिळतो. उन्हाळ्यात चाळणीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर टांगलेला आंबट होतो. श्रीखंडाची सवय असल्याने चक्का म्हटला की आपण साखरच शोधतो, पण तिखट चक्का नाश्त्याला फार छान लागतो. काकडी कोचून घट्ट पिळा, चक्का, दाण्याचं कूट, मीठ आणि मिरची घालून कालवा, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. खमंग काकडीचाच हा भरभक्कम अवतार. वर चमचाभर कारळ्याची किंवा जवसाची चटणी. काकडी पिळली नाही तर दहा मिनिटांत वाटीत पाणीच पाणी.

सब्जा नारळाच्या दुधात रात्रभर भिजवूनही खातात: २ चमचे सब्जा, एक वाटी दूध, वर बदाम-अक्रोडाचे काप. चव छान असते, पण प्रथिनं फारशी नसतात. सोबत मूठभर शेंगदाणे हवेतच.

मासे-मटण खाणाऱ्यांसाठी

कोकणात आणि गोव्यात हे पथ्य सोपं जातं, कारण रात्रीचं मासळीचं कालवण सकाळी भाताशिवाय खाल्लं की नाश्ता झाला. तळलेल्या तुकडीवरचा रवा किंवा तांदळाचं पीठ तेवढं वगळायचं. ते पीठ माशाचं पाणी शोषून घेतं. पीठ नाही म्हणजे ते काम फडक्याने करा, तुकडी दाबून अगदी कोरडी पुसा. मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून १५ मिनिटं ठेवा. बिडाचा तवा चांगला तापल्यावर तेल सोडा, तुकडी ठेवा आणि ४ मिनिटं तिला हात लावू नका. खालून पापुद्रा धरला की ती स्वतःच सुटते. आधी ओढाल तर कातडं तव्याला राहील.

सुका जवळा कोकणाबाहेरच्यांनीही करून बघावा. ५० ग्रॅम जवळा चाळून, निवडून ३-४ मिनिटं कोरडा भाजा, दोन-तीन पाण्यांतून झटपट धुवून पिळा. दोन कांदे तेलावर गुलाबी करून हळद, तिखट आणि जवळा घाला, ३-४ कोकमं टाकून ८ मिनिटं मंद आचेवर ठेवा, वरून ओलं खोबरं. मीठ चाखूनच घाला, जवळ्यात मुळात बरंच असतं. रक्तदाबवाल्यांनी हा पदार्थ बेतानेच खावा.

सकाळची घाई आणि प्रवास

सोयाबीन भिजवणं, चक्का टांगणं, फ्लॉवर धुवून पंचावर पसरणं ही तिन्ही कामं रात्रीची. जवस आणि दाण्याचं कूट रविवारी. एवढं झालेलं असेल तर बाकीचे पदार्थ सकाळी झटपट होतात, थालीपिठाला आणि सोयाबीनच्या धिरड्याला तेवढी तासाभराची सवड लागते. उकडलेलं सोयाबीन निथळून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, म्हणजे उकळायची पायरीही आदल्या दिवशी उरकता येते.

एसटीत किंवा रेल्वेत भाजलेले शेंगदाणे, बदाम, सुक्या खोबऱ्याचे काप आणि साधं, न किसलेलं चीज बरोबर ठेवा. फुटाणे हरभऱ्याचेच, ते या यादीत नाहीत. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किट हे नाश्त्यात धरलं जात नाही आणि तिथूनच स्टार्च परत आत येतं.

पहिल्या आठवड्यात थकवा किंवा डोकं हलकं वाटणं बऱ्याच जणांना जाणवतं. स्टार्च कमी झालं की शरीरातून पाणी आणि मीठ जास्त बाहेर जातं. मिठाचं पथ्य नसेल तर पेलाभर खारं ताक घ्या. आठवड्यानंतरही दहा-साडेदहाला भूक लागत असेल तर भाजी वाढवू नका, पनीर किंवा सोयाबीन ५० ग्रॅमने वाढवा. पोट जड राहत असेल तर इसबगोल आणि जवस एकाच दिवशी नकोत, आलटून पालटून घ्या. ग्लुकोमीटर घरी असेल तर नाश्त्याच्या आधी आणि नाश्ता सुरू केल्यापासून दोन तासांनी, असे दोन आकडे पदार्थाच्या नावासकट वहीत लिहा. एकच धिरडं एकाला झेपतं आणि दुसऱ्याला नाही, ते या वहीतूनच कळतं, आणि डॉक्टरांना औषधाचा डोस बदलायचा असेल तर त्यांनाही हीच वही लागते.